शेगडीजवळचा म्हातारा

श्रीधरच्या मुलीचा, रेवाचा फोन आला तेव्हा मी दुबईत करामातल्या घरी चहा गाळत होतो. "अंकल, बाबा इज गॉन," एवढंच म्हणाली. श्रीधर गेला त्याला आता महिना होऊन गेला. शोकसभेतही कुणीतरी त्याला प्रेमाने 'तीन ऋतूंचा पेंटर' म्हणालं, लोक हळूच हसले… ती थट्टा माझ्या खोटेपणातून निघाली. हे आता लिहिलं नाही, तर माझ्याबरोबरच जाईल.

मी सजावटीची कंत्राटं घ्यायचो, श्रीधर रंगवायचा. एका लग्नाच्या हॉलचं गोल छत मिळालं. प्रबोधनकाळात इटलीतल्या महालांत काढत, तसे चार ऋतू आणि माणसाची चार वयं मालकाला हवी होती. वसंतात फुलं उधळणारं मूल, उन्हाळ्यात कापणी करणारा तरुण, शरदात द्राक्षं तुडवणारा बाप्या, हिवाळ्यात शेगडीवर हात शेकणारा म्हातारा. आणि त्याच्या पाठीमागून पुन्हा तेच मूल धावत येतं. रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये श्रीधर कागदावर खाका काढून रेषांवर सुईने भोकं पाडायचा. तो छताला लावून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली, की ठिपक्यांनी चित्र उतरायचं. म्हाताऱ्याला त्याने वडिलांचा चेहरा दिला. म्हणाला, "अण्णा विमानाला घाबरतात रे. असे तरी दुबईत येतील."

छत पूर्ण झालं आणि अण्णा वारले. श्रीधर सांगलीला गेला. इकडे मालक म्हणाला, "दुल्हन के सर पे बुढ्ढा? हटाओ, यल्ला!" मी श्रीधरला एक फोन करायला हवा होता. पुढची कामं जातील या भीतीने केला नाही. दुसऱ्या रंगाऱ्याकडून म्हाताऱ्यावर द्राक्षांचे वेल चढवले. मुंडण केलेला श्रीधर विमानतळावरून थेट हॉलवर आला. बराच वेळ वर बघत राहिला.

"दत्ता, अण्णांना कुठे नेलंस?"

मी हातातली बिलं चाळत राहिलो. उद्घाटनाला मात्र कुणी विचारल्यावर त्याच्यासमोर बोललो, "हिवाळा याला जमेना, म्हणून वेल रंगवले." त्याने मला खोटं पाडलं नाही. पुढे खाणावळीत कुणी डिवचलं, "काय पेंटर, थंडी जमत नाही?" की हसायचा, "दुबईत कुठली आलीय थंडी!"… माझ्याकडे बघायचा नाही.

गेल्या आठवड्यात त्या हॉलवर गेलो. वेल खरवडून घ्यायचे, खर्च माझा, असं सांगायला. मॅनेजर म्हणाला, "अंकल, वो छत तो कब का तोड दिया. खलास."

रेवाने वर्कशॉप आवरताना सापडलेली एक गुंडाळी आणून दिली. हिवाळ्याचा खाका. खिडकीला धरला की भोकाभोकांतून ऊन येतं आणि अण्णा दिसतात. काल तो भिंतीला चिकटवून पुरचुंडी आपटायला घेतली. शेगडी उतरली, शेकणारे हात उतरले… तोंडापाशी आलो आणि माझा हात वर जाईना. भिंतीवर अजून तेवढंच आहे.