शेवटच्या गल्लीचं पाणी

सूर्याजीराव शितोळे काय करतात असं कुणी विचारलं, की ते सांगत, "दोनशे बारा घरांना पाणी पाजतो." त्यांचे वडील बिर्लानगरच्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडली, तेव्हा सूर्याजीरावांनी नुकतीच तिशी गाठली होती. मिळेल ते काम करत चार-पाच वर्षं काढली. मग त्याच भागात एक नवी वसाहत उभी राहिली. तिथे कूपनलिका खणली, टंकी बांधली, आणि रहिवाशांच्या समितीने त्यांना पंपावर ठेवलं. तेव्हापासून सकाळी दीड तास, संध्याकाळी एक तास पाणी. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या गल्लीत पाणी चढतं, हे फक्त त्यांना ठाऊक होतं. पाइपलाइनचा नकाशा कुठेच नव्हता.

सरकारी कागदही नव्हता. यंदा मार्चमध्ये समितीला पत्र आलं. योजनेची नोंद, पाण्याची तपासणी आणि जबाबदार चालकाचं नाव, एवढं झाल्याशिवाय मंजुरी नाही, आणि पुढच्या महिन्यापासून मंजुरीशिवाय पाणी सोडायचं नाही. समितीतले लोक कुरकुरले. सूर्याजीराव मात्र खूश झाले. इतक्या वर्षांनी आपलं नाव सरकारदरबारी लागणार! त्यांनी पंपघर धुऊन काढलं, टंकी घासून घेतली.

नमुने घ्यायला प्रयोगशाळेतून शामला पागनीस आल्या. त्या नया बाजारात राहायच्या. आवाज हळू, पण नजर बारीक. त्यांनी टंकीखालच्या नळाचं पाणी छोट्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"क्लोरीन आहे. छान," त्या म्हणाल्या. "आता शेवटचं घर दाखवा."

शेवटचं घर लीलाताईंचं होतं. तिथल्या पाण्यात थेंब टाकले, तर रंग आलाच नाही. शामलाताईंनी आणखी एक बाटली भरली. तिच्यातलं पाणी दोन दिवसांत काळं पडलं तर ते पिण्याजोगं नाही, असं त्यांनी समजावलं.

लीलाताई दारात उभ्या होत्या. "मी तर दिवाळीपासून सांगते आहे, पाण्याला वास येतो म्हणून. हे सूर्याजीराव म्हणतात, तुमचीच टाकी घाण असेल."

सूर्याजीराव हसले. "पाणी काचेसारखं आहे, मॅडम. बघा ना."

"दिसायला आहे," शामलाताई म्हणाल्या.

बाटली दुसऱ्याच दिवशी काळी पडली. शामलाताईंनी स्वतः फोन केला. "सूर्याजीराव, मंजुरी थांबवावी लागेल. दोष सापडेपर्यंत पाणी सोडू नका. टँकरचं मी कार्यालयात बोलले आहे."

एप्रिलचं ऊन, त्यात दोन घरांत लग्नं. टँकर यायचा, पण वेळेवर कधी नाही. लोक पंपघरावर येऊन बोलू लागले. समितीचे अध्यक्ष हेमेंद्र तोमर हिंदीत म्हणाले, "शितोळेजी, चुपचाप आधा घंटा चला दो. कौन देखता है?"

सूर्याजीरावांनी नकारार्थी मान हलवली. व्हॉल्व्हची चावी त्यांनी खिशातून काढली नाही. पण आतून ते पार ढासळले होते. दोष शोधायला दोन ठिकाणी खणून झालं होतं, काही निघालं नव्हतं. आणि खरं म्हणजे तिसरी जागा त्यांना ठाऊक होती.

सहा वर्षांपूर्वी शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी गटार रुंद केलं होतं. त्या खोदकामात पाण्याच्या पाइपाचा सांधा निखळला. दुसऱ्या दिवशी गल्लीत बारसं होतं. सूर्याजीरावांनी रबराची पट्टी गुंडाळली, वरून तार आवळली, आणि नवा सांधा आठवड्याभरात बसवू असं ठरवलं. तेवढ्यात वरून सिमेंट पडलं. आठवडा गेला, वर्ष गेलं, आणि ती गोष्टच मागे पडली.

रात्री दोन घास खाऊन त्यांनी ताट बाजूला सारलं आणि हे घरी सांगितलं. बायको मधु पोळी वाढता वाढता थांबली. मुलगी हर्षिता एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करायची. ती म्हणाली, "बाबा, त्या गल्लीतली तीन मुलं होळीनंतर आमच्याकडे आली होती. उल्टी, दस्त, सगळं. तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, चाट खाल्ली असेल."

"म्हणालो होतो."

"मग मॅडमला सच सांगून टाका ना. नौकरी गेली तर जाऊ दे. आपण देख लेंगे."

सकाळी सूर्याजीराव सायकलवरून प्रयोगशाळेत गेले. शामलाताई टेबलाशी बसून काही लिहीत होत्या. ते उभ्यानेच बोलले. "मॅडम, दोष माझ्या हातचा आहे. जागा दाखवतो. चालक म्हणून दुसऱ्या कुणाचं नाव लिहा."

शामलाताईंनी पेन खाली ठेवलं. "बसा आधी." त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "टंकीत क्लोरीन रोज घालत होता ना? मग शेवटच्या गल्लीतच पाणी का बिघडलं, माहीत आहे?"

"नाही."

"तुम्ही पंप बंद केलात की पाइप रिकामा होतो आणि आतून ओढ बसते. सैल सांध्यातून गटाराचं पाणी आत शिरतं. दुसऱ्या दिवशी पहिलं पाणी तेच जातं, थेट शेवटच्या घरांत. पाइप खणल्याशिवाय हे मला कळलं नसतं. तुम्ही सांगितलंत, तर आठ दिवस वाचले." पेन पुन्हा उचलून त्या म्हणाल्या, "पण अहवालात हे लिहीन मी. पट्टी कुणी बांधली, तेही."

"लिहा," सूर्याजीराव म्हणाले.

दुपारी सिमेंट फोडलं. पट्टी कुजून काळी झाली होती, तार बोट लावताच तुटली. पाइपाचा तेवढा भाग गटारापासून हात-दीड हात वर उचलून नवा बसवला. लाइनमध्ये कडक क्लोरीन भरून ठेवलं, मग ते सगळं पाणी सोडून दिलं. सूर्याजीराव लीलाताईंच्या दारात जाऊन म्हणाले, "तुमची टाकी साफ होती, ताई. माझीच चूक." लीलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आतून एक खुर्ची आणून सावलीत ठेवली.

आता दोन नमुने लागोपाठ चांगले यायला हवे होते. पहिला आला. दुसऱ्याच्या दिवशी सूर्याजीराव सकाळपासून प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात बसून होते. अकराच्या सुमारास शामलाताई बाहेर आल्या. हातातली बाटली त्यांनी उजेडात धरली. पाण्याचा रंग जसाच्या तसा होता.

"झालं," त्या म्हणाल्या.

सूर्याजीराव बाकावर तसेच बसून राहिले आणि त्यांनी दोन्ही तळव्यांनी चेहरा पुसला. "मुलं आता आजारी नाही ना पडायची?"

"या पाण्याने नाही. दर महिन्याला नमुना आणून द्यायचा. आणि मला लाइनचा नकाशा हवा. तुम्ही सांगाल तसा आमचा माणूस काढेल."

मंजुरीचा कागद आठवड्याने आला. चालक म्हणून नाव त्यांचंच होतं. समितीच्या बैठकीत हेमेंद्रांनी विरोध केला होता, पण लीलाताई म्हणाल्या, "ज्याने स्वतःहून सांगितलं, त्याच्या हातचं पाणी मी पिईन." त्यावर बाकीच्यांनी त्यांच्या नावाला होकार दिला.

पाणी सोडलं त्या सकाळी गल्लीगल्लीत बादल्या वाजल्या, कुणीतरी अंगण धुवायला घेतलं. सूर्याजीरावांनी शेवटच्या नळावर थेंब टाकून पाहिले, पाणी पिवळं झालं, तेव्हा वहीत वेळ लिहिली आणि घरी आले. मधुने पोहे केले होते. त्यांनी दोन बशा खाल्ल्या, तिसरी मागितली, आणि ती येईपर्यंत भिंतीला टेकून तिथेच गाढ झोपून गेले.