सुनंदाची ढाल

काल बदलापूरचं घर आवरताना माळ्यावर कान तुटलेला एक कप सापडला, आणि अंबरनाथच्या शाळेतली वक्तृत्व स्पर्धा आठवली.

विषय होता अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे हक्क. बाबांनी लिहून दिलेलं भाषण मी घडाघडा म्हटलं: उत्तरेतल्या एका राज्यात काळ्यांना येऊन राहायलाच बंदी होती, तिथल्या यादवी युद्धात सैनिक कमी पडले, काळे लढले, आणि तो कायदा गेला. माझी मैत्रीण सुनंदाही हेच बोलली, पण शेवटी म्हणाली, "माझ्या आजोबांनाही महायुद्धाच्या दिवसांतच कारखान्यात घेतलं. तेव्हा जात कोणी विचारली नाही. लढाई संपली आणि त्यांचा पाण्याचा माठ पुन्हा वेगळा झाला."

टाळ्या थांबेनात. ढाल तिला मिळाली. माझा नुसता जळफळाट झाला.

संध्याकाळी ती ढाल दाखवायला आमच्या घरी आली. नव्या पॉलिशचा वास खोलीभर पसरला. "आजोबांचं रडगाणं गाऊन जिंकलीस," मी म्हणाले. आईने तिला चहा दिला, तिच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या याच कान तुटलेल्या कपात. ढाल मांडीवर घेऊन ती तो प्यायली, मग कप स्वतःच विसळून पालथा घातला.

मी तेवढा वेळ ढालीकडेच बघत होते.