दक्षिणेकडचा दिवा

धनत्रयोदशीच्या दुपारी ईराला सिनेमाला नेलं. ती सहा वर्षांची, आणि सिनेमा मुलांच्या सुट्टीसाठी म्हणून लागलेला, कोल्ह्याच्या पिल्लाचा. मध्यंतरानंतर पिल्लाचे बाबा बर्फात गेले ते परत आलेच नाहीत. मी पटकन तिच्या डोळ्यांवर हात ठेवला. तिनं तो बाजूला सारला आणि मुसमुसत शेवटपर्यंत पाहिलं. मागच्या बाई पुटपुटल्या, "सणासुदीला असलं कशाला दाखवतात मुलांना?"

घरी आल्यावरही मला चैन पडेना. चकल्या तळताना वाटलं, न्यायलाच नको होतं. मग वाटलं, रडली तर रडली, कधीतरी कळणारच आहे. पण मग आजच का? तिला विचारलं, तर म्हणाली, "छान होता."

संध्याकाळी सासूबाईंनी कणकेचा दिवा दाराबाहेर ठेवला, वात दक्षिणेकडे करून.

"आजी, हा कुणासाठी?"

"यमासाठी. घरातलं कुणी अवेळी जाऊ नये म्हणून," त्या सहज म्हणाल्या आणि आत गेल्या.

दर वर्षी मी या दिव्याला हात जोडते. सणाच्या पहिल्याच संध्याकाळी आपण उंबऱ्यावर काय मांडतो, हे मनात कधी आलंच नव्हतं.

ईरा दिव्याजवळ उकिडवी बसली. ज्योत हलली तसा तिनं दोन्ही हातांचा आडोसा केला.

"कोल्ह्याकडे कुणी लावलाच नव्हता," ती म्हणाली. "बाबा ऑफिसातून येईपर्यंत मी इथंच बसते."

वारा येत होता त्या बाजूला मी बसले, आणि मीही फाटकाकडे बघत राहिले.