आखूड हाताची परीक्षा

गुरांच्या डॉक्टरकीला गेलो तेव्हा अभ्यास म्हणजे पुस्तकं, अशी माझी समजूत होती. हाडांची नावं मी घडाघडा म्हणायचो. पण शेवटच्या वर्षी गाय गाभण आहे की नाही हे मागून आत हात घालून ओळखायला शिकवतात, आणि तिथे माझी पुरती फजिती झाली. वर्गात सगळ्यात आखूड हात माझा. सत्तरचं दशक संपत आलं होतं, हातमोजे कुणाला मिळायचे? साबण चोपडायचा आणि हात खांद्यापर्यंत आत घालायचा. गाय आतून हात आवळायची, मी घाबरून रेटायचो, आणि काहीच लागलं नाही की तिचं पोट बघून अंदाज ठोकायचो. प्रात्यक्षिक परीक्षेतही तेच केलं आणि नापास झालो.

फेरपरीक्षा दीड महिन्यावर होती. "आता नापास झाला तं घरी ये अन् नांगर धर," वडील म्हणाले. रागावून बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते जेवता जेवता सहज बोलले, म्हणून मी हादरलो.

उन्हाळा होता. कोंढा गावाजवळ आमच्या धानाला पाणी देणारी बोडी, म्हणजे लहान तळं, आटून गुडघाभर चिखल उरला होता, आणि बायका त्यात हातांनी मासे चाचपत होत्या. वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आमची मोठी आई, या कामात सगळ्यांची गुरू. मी तोंड पाडून काठावर बसलेला बघून तिनं विचारलं, "काहून असा बसला?"

मी सगळं सांगितलं. ती हसत सुटली.

"चिखलातला मासा धरता येत नाही, अन् गाईच्या पोटात हात घालून राहिला? उतर खाली."

उतरलो. मी हात खुपसायचो, मुठी आवळायचो, मासे पसार. एकाचा काटा असा बसला की बोट दोन दिवस ठणकत होतं.

"दाबू नोको," ती म्हणायची. "हात उघडा ठेव अन् थांब. घाई कायले? तोच येईन हाताखाली."

मला तिचा रागही यायचा. पण दहा-बारा दिवसांत न बघता मासा कुठला आणि कमळाची मुळी कुठली हे कळायला लागलं. हात लांब झाला नव्हता, थांबायला मात्र शिकला होता.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी एका पांढऱ्या गायीकडे बोट दाखवलं. मी डावा हात घातला. तिनं आवळला. मी थांबलो. मागे कुणीतरी खुदकन हसलं, "पोहोचला का रे?" मी थांबलोच. पकड सैल झाली, मी तळवा उघडा ठेवला, आणि गर्भाशयाचा उजवा फाटा आपसूक हाताखाली आला. डाव्यापेक्षा जाड, मऊ, आत पाणी हलतंय.

"गाभण आहे, सर. अडीच महिने. उजवीकडे."

परीक्षकांनी वही उघडली. "इथे रिकामी लिहिली आहे. विचार करून सांगा."

वहीशी भांडायचं म्हणजे नांगर ठरलेलाच. पण अंदाज मी बोडीतच सोडून आलो होतो.

"गाभणच आहे, सर."

त्यांनी बाही वर सारली आणि स्वतः हात घातला. बराच वेळ चाचपत राहिले. मग हात धुतले, पेन उघडलं आणि वहीतला 'रिकामी' हा शब्द खोडला. मला नाचावंसं वाटत होतं, मी साबणाच्या हातानं नुसताच उभा राहिलो.

घरी येऊन मी आधी मोठ्या आईला सांगितलं, पास झालो. तिनं माझा डावा हात उलटासुलटा करून पाहिला.

"तू कायचा पास झाला? मी पास झाली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती गावभर सांगत सुटली की शहरातल्या डॉक्टरकीच्या परीक्षेत ती पास झाली. लोक मला विचारायला यायचे, आणि मी प्रत्येकाला हो म्हणून सांगायचो.