चढेना म्हणून जास्त मारली

आधी माफी मागतो. लेखक म्हणून बसण्याची माझी लायकी नाही. बारावी करून पोलिसात शिपाई म्हणून लागलो, सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो, आणि आता साठीला आल्यावर मुलुंडच्या एका कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. वर्गातली मुलं मला काका म्हणतात आणि माझ्या वह्या मागून नेतात, कारण अक्षर चांगलं आहे. नोकरीत लिहिलं भरपूर, पण ते जबाब आणि पंचनामे, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं. तेही मी एकदा किती चुकीचं लिहिलं, तेच सांगायचं आहे. मराठीच्या मॅडम लिहा म्हणाल्या म्हणून धीर केला. कुणाचं नाव घेणार नाही.

ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. निवृत्तीला तीन-एक वर्षं उरली होती. मुलुंडकडच्या पोलीस ठाण्यात मी दिवसपाळीला होतो. अकराच्या सुमाराला कॉल आला की एका सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमधून एक गाडी उसळून बाहेर आली, गेटजवळची वॉचमनची केबिन तोडली, वॉचमनचा पाय मोडला. आम्ही पोचलो तेव्हा वॉचमनला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलेलं होतं, आणि नेणारा माणूस परत येऊन गाडीशेजारी उभा होता. तोच चालक.

गाडी काळी, लांबलचक, परदेशी बनावटीची. पंधरा-सोळा वर्षांची असेल. पुढचा दिवा फुटलेला, बाकी चकचकीत. मालक वयस्कर गृहस्थ. ती गाडी इतकी वर्षं ते स्वतः चालवत. हा चालक त्यांच्याकडे अकरा वर्षं होता, पण त्याच्या हातात छोटी, गिअर टाकायची गाडी असे. ती विकली, मालकांचे डोळे अधू झाले, म्हणून ही आपोआप गिअर बदलणारी मोठी गाडी त्याच्याकडे आली. त्याला अवघे चार दिवस झाले होते.

ठाण्यात आणून मी त्याचा जबाब लिहायला घेतला. पन्नाशीचा माणूस, मूळचा कुडाळकडचा, राहायला भांडुपला. अपघाताच्या केसमध्ये आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो मी विचारला.

"मारली होतीस का रे?"

"मारली, साहेब."

"किती?"

"पयली थोडीच मारली. चढेचना."

"मग?"

"मग जास्त मारली. तरी चढेना. मग पुरीच मारली आणि एकदम किक लागली."

"पुढे?"

"फुडे माका कायच कळाक नाय, साहेब. समोर वॉचमन, आणि धाडकन."

एवढा सरळ माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. नाहीतर चालायला येत नाही असा माणूससुद्धा 'शपथ साहेब, वासही घेतला नाही' म्हणतो. मी लिहिलं: 'अपघातापूर्वी मी नशा केली होती. सुरुवातीस थोडी केली, परंतु न चढल्याने अधिक केली. त्यानंतर एकदम नशा चढून माझा गाडीवरील ताबा सुटला.' अशा जबाबावर सही घेत नाहीत, वाचून दाखवतात. मी वाचून दाखवला, पण खरं सांगतो, भराभर वाचला. तो मान हलवत होता. मध्येच त्याने विचारलं, "साहेब, वॉचमनचा पाय वाचेल ना?" मी म्हटलं, "वाचेल," आणि कागद फाइलला लावला.

वैद्यकीय तपासणीला नेलं तर डॉक्टरांनी लिहून दिलं की तोंडाला दारूचा वास नाही, चाल सरळ, बोलणं स्पष्ट. आमचे मोठे साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार माणूस. ते म्हणाले, "वास नाही म्हणजे गोळी असणार. किक लागली म्हणतोय ना तो?" रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. तिथला अहवाल यायला महिने लागतात.

दुसऱ्या दिवशी खबर आली. सोसायटीतल्या कुणीतरी नाव न सांगता फोन केला, "त्याच्या डब्याच्या पिशवीत रोज बाटली असते. लाल पाणी. घोट घोट पीत असतो." पिशवी गाडीतच होती. दोन पंचांसमोर उघडली. डबा, टॉवेल आणि प्लास्टिकच्या बाटलीत काळपट लाल द्रव. साहेबांनी झाकण काढून माझ्यापुढे धरलं.

"वास घ्या, काका."

"साहेब, आगळ आहे."

"कसलं आगळं?"

"आगळ, साहेब. कोकमाचा रस. आमच्यात पाण्यात घालून पितात. पित्ताला बरं."

साहेब विदर्भातले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही त्यातलाच आहे. बाटली सीलबंद करून तीही प्रयोगशाळेत गेली.

मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, यांत्रिक दोष नाही. मालक ठाण्यात येऊन म्हणाले, "माझी गाडी जुनी आहे, पण हायवेवर पाय दिला की नव्या गाड्या मागे पडतात. दोष काढायचा तर माणसात काढा." मला काही उमगेना. गाडी चांगली, तोंडाला वास नाही, बाटलीत कोकम, आणि माणूस मात्र स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला समोर घेतलं.

"कुठली गोळी खातोस?"

"गोळी? पित्ताची खातो कधीतरी."

"नाटकं नको. नशा केली म्हणून जबाबात बोललायस तू."

"मी बोललो? कुणाला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फाइलकडे पाहिलं. मला त्या वेळी एवढंच वाटलं की हाही फिरला. सगळेच फिरतात.

बाहेर येऊन तो माझ्या टेबलाशी उभा राहिला. तेव्हा कळलं की त्याला एका शाळेच्या बसवर चालकाची नोकरी मिळत होती, पहिल्या तारखेपासून. शाळेला पोलीस पडताळणी लागते आणि शाळा आमच्या हद्दीतली, म्हणून त्याचा अर्ज आमच्याच ठाण्यात होता. तो म्हणाला, "साहेब, केस लावा, माझ्या हातून माणूस पडला. लायसन्स काढून घ्या, परत काढीन. पण नशा लावू नका. ती एकदा कागदाला लागली की निघत नाय. पोरांच्या बसवर कोण ठेवणार मला?"

मी म्हटलं, "बघू." आमच्या खात्यात 'बघू' म्हणजे काय ते वाचकांना माहीत असेल.

मग मी वॉचमनचा जबाब घ्यायला हॉस्पिटलमध्ये गेलो. नांदेडकडचा माणूस, पाय वर टांगलेला, पण तोंड चालू.

"त्या काकाला सोडलं का नाही, साहेब? त्यानंच उचललं मला. स्वतःचा टॉवेल फाडून बांधला."

"नशेत होता तो."

"कोण? ते? अहो, ते चहा पण अर्धा पितंय."

"बरं, काय झालं ते सांग."

"गाडी रॅम्पवर चढंना, साहेब. थंड होती, अन् जड किती. ह्यानं थोडी मारली, चढंना. अजून मारली, तरी चढंना. मीच वरून हात करून म्हणलं, मार काका अजून, मार की!"

माझं पेन थांबलं.

"काय मार म्हणालास?"

"रेस, साहेब. अजून काय मारत्यात गाडीत?"

पलीकडच्या खाटेवरचा पेशंट हसला. मी पाणी प्यायलो. तोच क्रम, तेच शब्द. थोडी मारली, चढेना, जास्त मारली. बाटलीतलं काही नाही, पायाखालचं. फक्त किक कसली ते अजून कळत नव्हतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी त्याच दिवशी साहेबांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दोन दिवस तसाच राहिलो. ठाण्यात 'काकांचा जबाब म्हणजे दगडावरची रेघ' असं म्हणत, आणि ते ऐकायला मला बरं वाटे. त्या दोन दिवसांत पडताळणीचा अर्ज दुसऱ्या टेबलावरून निघून गेला. शेरा होता: 'अपघाताचा गुन्हा दाखल. नशेत असल्याचे स्वतः सांगितले आहे.' आधार माझ्या जबाबाचा.

तो शेरा आवक-जावक रजिस्टरमध्ये वाचला आणि मी सरळ साहेबांच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी फाइल उघडून तो जबाब पुन्हा वाचला.

"काका, शाळा कुठल्या माध्यमात झाली तुमची?"

"मराठी, साहेब."

"मग मराठी कळत नाही?"

साहेबांनी चालकाला बोलावलं आणि मला म्हणाले, "आता विचारा. एकेक शब्द." मी विचारलं, "किक म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "गाडीची किक, साहेब. गॅरेजवाला म्हणाला होता, पाय पुरा दाबू नको, किक लागली तर गाडी उडते. माका वाटला, मस्करी करता."

मोटार वाहन निरीक्षकांना पुन्हा बोलावलं, कांजूरमार्गच्या त्या गॅरेजवाल्यालाही. दुपारी हायवेलगतच्या मोकळ्या सर्व्हिस रोडवर गाडी नेली. निरीक्षक चालवत होते, शेजारी गॅरेजवाला, मागे मी, मांडीवर फाइल. गाडी आधी इतकी मऊ चालली की मला माझा संशय खोटा वाटू लागला. मग गॅरेजवाला म्हणाला, "आता दाबा पूर्ण. तळापर्यंत."

पेडलखाली टक् असा आवाज झाला. त्यानंतर काहीच नाही. एक क्षणभर मला वाटलं, बंद पडली. आणि मग इंजिनाचा आवाज एकदम वर गेला, माझी पाठ सीटमध्ये रुतली, फाइल मांडीवरून छातीवर आली, आणि बाजूची झाडं मला मोजताही आली नाहीत. निरीक्षकांनी ब्रेक दाबला तेव्हा त्यांच्याही कपाळाला घाम होता.

"हिचं वय किती म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"जुनी आहे, साहेब, म्हातारी नाही," गॅरेजवाला म्हणाला. "पूर्ण दाबलं की गाडीला वाटतं मालकाला घाई आहे. दोन गिअर खाली टाकते आणि सगळी ताकद लावते. हिलाच आम्ही किक म्हणतो. पण त्याआधी जरा विचार करते. त्या एवढ्याशा वेळात नवा माणूस काय करतो? अजून दाबतो."

मी पुरवणी जबाब लिहिला. या वेळी त्याचे शब्द जसेच्या तसे, 'कळाक नाय'सुद्धा. पहिला जबाब फाडता येत नाही, तो फाइलमध्ये तसाच राहतो. म्हणून स्टेशन डायरीत नोंद केली की आधीच्या जबाबात शब्दाचा अर्थ समजण्यात माझी चूक झाली. वरून मला ताकीद मिळाली, ती योग्यच होती. दोषारोपपत्रातून नशा निघाली. काही महिन्यांनी अहवाल आला. रक्तात काही नाही, आणि बाटलीत 'आंबट फळाचा अर्क, मद्यार्क आढळला नाही.' निष्काळजीपणाचा गुन्हा राहिला. तो त्याने कोर्टात मान्य केला आणि दंडावर सुटला.

शाळेला मी दुरुस्तीचं पत्र नेऊन दिलं. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या. पण जागा भरली होती.

पिशवी परत न्यायला तो ठाण्यात आला तेव्हा मी म्हटलं, "माझ्याकडून चूक झाली." तो डब्याचं झाकण घट्ट करत होता. म्हणाला, "तुमी लिहिणारे, साहेब. आमी बोलणारे. फुडच्या येळी इतकाच इचारा, काय मारली." आणि गेला. नंतर कळलं की तो गावी निघून गेला.

नोकरीच्या उरलेल्या दिवसांत मी प्रत्येक जबाबात ते विचारत राहिलो. काय मारली, काय घेतली, काय चढलं. नवे शिपाई हसायचे. माणूस खोटं बोलतो तेव्हा पोलीस सावध असतो. तो खरं बोलतो आणि आपल्याला ते आधीच पाठ असतं, तिथे घात होतो, एवढं मला कळलं. 'मराठी कळत नाही?' या साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र जमलं नाही. कॉलेजात नाव घालताना विषय मराठी लिहिला, त्यामागे तो प्रश्न होता, हे मी घरीही सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात वर्गात एका शब्दाचे अनेक अर्थ शिकवताना मॅडमनी फळ्यावर 'चढणे' लिहिलं. मुलं सांगू लागली, जिना चढणे, ताप चढणे, भाव चढणे. मागून कुणीतरी "दारू!" म्हणालं आणि वर्ग हसला. मला बसवेना. तास सुटल्यावर मॅडमनी विचारलं, "काका, बरं नाही का?" तेव्हा मी हे सांगितलं.

एवढं लिहून मी थांबणार होतो. पण परवा फोन आला. त्या वॉचमनचा. तो अजून त्याच सोसायटीत आहे, जरा लंगडतो. चालकाशी त्याचं बोलणं चालू असतं, हे मला माहीत नव्हतं.

"साहेब, काकाला शाळेची बस मिळाली. गावाकडं. वाटेत घाट हाय म्हणे. तुम्हाला निरोप दिलाय."

"काय?"

"म्हणाले, साहेबांना सांग, रोज चाळीस पोरं घेऊन चढते. अन् लिहून घ्या म्हणाले."

"काय चढते?" मी विचारलं.

तो पलीकडे हसला. "बस, साहेब. बस चढते."

मी वही काढली आणि तसंच लिहून घेतलं.