ओल्वेनमावशीची पितळी बादली

वेल्समधल्या आमच्या खाणगल्लीत घराची अब्रू शेकोटीशेजारच्या कोळशाच्या बादलीवरून जोखली जायची. ओल्वेनमावशीची बादली पितळेची होती. नवरा खाणीत दगावला, मग मुलगा एम्रिस खाणीत जाऊ लागला. पण ती बादली कधी कुणाला रिकामी दिसली नाही.

संपाच्या हिवाळ्यातही ती शिगोशीग भरलेली, आणि घोळ तिथेच झाला. खाणीकडून कामगारांना मिळणारा कोळसा संपामुळे थांबला होता; इतरांच्या बादल्यांत नुसती धूळ होती. मी तेव्हा सहकारी दुकानात हिशेब लिहायचो; तिथे रोज हाच विषय.

"एम्रिस चोरून कामावर जातोय. नाहीतर कोळसा येतो कुठून?" समोरची ग्वेनीथ म्हणायची.

संप फोडणाऱ्या घराशी आमची गल्ली पुढे जन्मभर बोलत नाही. मावशीच्या कानावर सगळं येत होतं. ती मात्र रोज बादली घासून खिडकीतून दिसेल अशी ठेवायची.

जानेवारीत ग्वेनीथची मुलगी अपुऱ्या दिवसांची बाळंत झाली. मी दुकानातून दूध घेऊन पोचलो तेव्हा सुईण ओरडत होती, "बाळ निळं पडलंय, आधी खोली तापवा!"

तेवढ्यात मावशी बादली घेऊन रस्ता ओलांडून आली. ग्वेनीथ दारात आडवी झाली.

"तुमचा कोळसा नको आम्हाला, मावशी."

"बाळाला विचारलंस? हो बाजूला!"

तिने बादली शेकोटीपुढे उपडी केली. वरची चार ढेकळं कोळशाची. त्यांच्यामागून गडगडत आले नदीतले गोटे, शेकोटीच्या काळ्या पॉलिशने घासून चमकवलेले.

"अगं बाई! हे काय?"

"खाणीच्या मॅनेजरची माणसं खिडक्यांतून डोकावतात, कोण वाकायला आलंय ते बघायला. त्यांना रिकामी बादली कशाला दाखवू? ही ढेकळं अडीअडचणीसाठी ठेवली होती."

"आणि आम्ही काय काय बोललो! सांगायचं नाही होय?"

"तुला सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत मॅनेजरच्या कुत्र्यालाही कळलं असतं."

सुईणसुद्धा हसली. शेकोटी पेटली, हळूहळू बाळाचा रंग पालटला.

शुक्रवारी, शेकोट्या चमकवायच्या दिवशी, गल्लीतल्या बायका नदीवर गेल्या. पुढच्या फेरीला मॅनेजरच्या माणसाला खिडकीखिडकीतून भरलेली बादली दिसली. मावशीच्या गोट्यांवर मात्र एक खराखुरा कोळसा होता. ग्वेनीथने तो खाणीबाहेरच्या टाकाऊ दगडमातीच्या ढिगाऱ्यातून हाताने उकरून आणला होता.