नाथूच्या द्वारकेचा घाट

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कशेडीच्या अलीकडे डोंगरावर एक वाडी आहे. तिथल्या नाथूला सगळे पेंटर म्हणत. खरे सांगायचे तर त्याने एकही चित्र काढलेले नव्हते. गिरगावात नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका मास्तरांच्या कारखान्यात तो रंग कालवायला होता. मास्तर शिडीवर उभे राहून महाल, जंगल, रस्ता काढत आणि नाथू खालून वाडगे पुढे करी. क्षितिजापाशी आकाशाचा निळा किती फिका हवा, दगडी भिंतीसाठी गेरूत काजळ किती घालायचे, हे त्याच्या हातात बसले होते. पण त्याच हातात कोळसा देऊन रेघ मारायला सांगितली, तर ती गांडुळासारखी जाई.

पुढे बोलपट आले. नाटक कंपन्या एकामागून एक बसल्या आणि कारखान्याला कुलूप लागले. १९३३ च्या सुगीला नाथू वाडीवर परतला, तो ट्रंकेत चार कुंचले आणि तोंडात पुष्कळ शब्द घेऊन. शेड, टोन, बॅकग्राऊंड. कुणी पेंढ्याची उडवी रचत असले की हा लांबून डोळा बारीक करून म्हणे, बॅकग्राऊंड झकास हाय. त्याच्या बायकोने, साळूबाईने, आमचे धनी मुंबईत राजवाडे रंगवतात असे वाडीभर सांगून ठेवले होते. नाथूने ते कधी खोडून काढले नाही. लग्न झाल्यापासून त्या दोघांचा संसार शिमगा आणि गणपती एवढाच झाला होता. आता तो घरी आहे, याचाच तिला आनंद होता.

वाडीतून मुंबईला कामाला गेलेल्यांचे तिथे एक मंडळ होते; त्याचा पुढारी महिपत गिरणीत मुकादम होता. मंडळ दरसाल शिमग्याला नाटक करी आणि पडदे महाडहून भाड्याने आणी. त्या साली पडदेवाल्याने ते दुसऱ्या गावाला देऊन टाकले. नाटक सुदाम्याचे, मंडळींनी स्वतःच जुळवलेले. त्यात द्वारकेचा राजरस्ता आणि टोकाला कृष्णाचा महाल, एवढा एक पडदा तरी हवाच होता. महिपत रजा काढून आधीच आला होता. तो नाथूच्या ओटीवर येऊन बसला.

"पडदा जमला तर पंचक्रोशीतल्या मंडळांची कामं तुलाच लावून देतो," तो म्हणाला. "नाय जमला, तर शिमगा झाला की माझ्यासंगं चल. गिरणीत चिकटवतो."

बोलणे रास्तच होते. साळूबाई दाराआड उभी होती. ती आत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली.

पडद्याचा मांजरपाट मी नोकरीला होतो त्या महाडच्या दुकानातून गेला, म्हणून ही हकिकत मला पहिल्यापासून ठाऊक. साळूबाईने पट्ट्या जोडून शिवल्या. पण टांगायला एवढी उंच भिंत वाडीत नव्हती. शेवटी सारवलेल्या खळ्यावरच कापड पसरले आणि कडेने दगड ठेवले. आधी अस्तर द्यायचे, म्हणजे खडूची भुकटी सरसात कालवून कापडाला फासायची. सरस हा जनावराच्या कातड्याचा उकळून काढलेला चिकट अर्क. साळूबाईने तो चुलीजवळ येऊ दिला नाही. खळ्याबाहेर तीन दगड मांडून तो शिजवला, तेव्हा गोठ्यातली म्हैससुद्धा दावे ओढू लागली.

अस्तर सुकले. नाथू कोळसा घेऊन ओणवा झाला आणि तसाच राहिला. त्याला सवय उभ्या पडद्याकडे मान वर करून बघायची. पायाखालच्या त्या पांढऱ्या शेताकडे बघून त्याला गरगरले. मग त्याने बायकोला खरे काय ते सांगून टाकले. ती तोंडाला पदर लावून पोटभर हसली. वाडीतल्या लग्नांत भुईवर पिठाचे चौक तिच्याशिवाय कुणी काढत नसे.

"व्हा बाजूला," ती पदर खोचून म्हणाली. "भुईवर रेघ मारणं माझं रोजचंच."

तिने मारलेली पहिली रेघ ओळंब्याला लावून बघावी अशी होती. सारवताना बायका मागे सरकत जातात तशी ती मागे सरकत काढत गेली. सगळे चित्र एका नजरेत दिसावे म्हणून नाथू उडवीवर चढून बसला आणि तिथून सांगू लागला.

"रस्ता पुढं निमुळता घे गो."

"आन् मग गाडी जायची कशी?"

"गाडी जायाची नाय. चित्र हाय ते."

"चित्र असंल. पण किस्नाच्या दारात गाडी अडकली तर लोक काय म्हनतील?"

नाथूने मास्तरांचा पर्स्पेक्टिव्ह सांगून पाहिला. शिकलेले लोक त्याला यथादर्शन म्हणतात. जवळचे मोठे दिसते, लांबचे लहान होत जाते, रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर एका बिंदूत मिळतात. साळूबाईला ते पटेना. वाटेवरच्या वाण्याचे दुकान मोठे आणि देवाचा महाल लहान, हे कुठले शास्त्र, असे तिने विचारले. भिंतीच्या एका बाजूला सावली हवी म्हटल्यावर तर ती कोळसा टाकून उभी राहिली. राजाच्या घराला काजळी फासायला ती तयार नव्हती. मुंबईच्या चित्रकारांत त्या सुमारास हाच वाद रंगला होता. कोणी छायाप्रकाश देऊन डोळ्यांना दिसते तसेच काढा म्हणत, तर कोणी जुन्या भित्तिचित्रांसारखी रेघ आणि सपाट रंग पुरे म्हणत. डोंगरावरच्या एका खळ्यात तोच वाद नवराबायकोत चालला होता आणि दोघांनाही त्या दुसऱ्या वादाची खबर नव्हती.

शेवटी ठरले, रेघ तिची आणि रंग त्याचा. रस्ता खालपासून वरपर्यंत सारखाच रुंद राहिला आणि महाल सगळ्यांत मोठा झाला. नाथूने गेरू, पिवडी, नीळ सरसात कालवली, आकाश भरले, लांबची झाडे निळसर केली. बघायला आलेल्या शेजारणी नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. त्यांतल्या राहीबाईने विचारले, "द्वारकेत आज आवस हाय का गो?" आकाश खरोखरच काळेनिळे दिसत होते. साळूबाईचा चेहरा उतरला. नाथू निवांत विडी ओढत बसला. उन्हे वर आली तसे सरसातले पाणी उडाले आणि रंग उजळत गेला. दुपारी सबंध आकाश पहाटेच्यासारखे फिके, स्वच्छ झाले होते.

साळूबाईने कापडावरून बोट फिरवले. "तुमाला आधीच ठावं होतं?"

"येवढंच तर ठावं हाय मला," नाथू म्हणाला.

नाटकाच्या दिवशी उंच बांबू रोवून पडदा उभा केला आणि घोटाळा कळला. भुईवर असताना जो रस्ता वाटत होता, तो आता सरळ आभाळात चढत होता. त्याच्या माथ्यावर महाल गडासारखा बसला होता. कृष्णाची भूमिका महिपतची. तो मुकुट हातात घेऊन पडद्यासमोर उभा राहिला.

"ही द्वारका? हा तर कशेडीचा घाट. द्वारका दर्याकाठी, तिथं घाट कुठला?"

नाथूला ट्रंक डोळ्यांपुढे दिसू लागली. कधी परपुरुषाशी न बोलणारी साळूबाई पुढे झाली. "रस्त्याची रेघ माझी हाय, दादा. त्यांची नाय."

"कुनाची का असंना. टांगायला ह्योच हाय ना?" महिपत म्हणाला आणि चेहऱ्याला रंग लावायला गेला.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. सुदामा झाला होता भागोजी, वाडीतलाच एक जाडजूड शेतकरी. पोह्यांचे गाठोडे काखेत मारून तो आला, पद म्हणण्यासाठी द्वारकेकडे वळला आणि पद विसरला. त्याने तो रस्ता खालून वरपर्यंत नीट पाहिला. मग फतकल मारून खाली बसला आणि गुडघे चोळू लागला.

"किस्ना," तो म्हणाला, "राजा झालास ते बरं झालं. पन घर जरा खाली बांधायचं व्हतंस."

सगळे खळे हसून लोळू लागले. मागून कुणी म्हातारा ओरडला, "धीर धर सुदाम्या, दोनच वळणं राह्यली." आता कृष्णाने येणे भाग होते. महिपत आत थांबला होता, राजासारखा डौलात यायचे ठरवून. पण समोर दमून बसलेला भागोजी, घाट आणि हसणारी माणसे बघून त्यालाही राहवेना. तो घाट उतरल्यासारखा धापा टाकत धावत आला, पाण्याचा गडू पुढे केला आणि ठरलेले भाषण सोडून म्हणाला, "मित्रा, येवढं चढून आलास, आधी पानी पी."

चढ चढून आलेल्या पाहुण्याला पहिल्याने पाणी देणे त्या डोंगरावर घरोघर होते. दोघे गळ्यात पडले तेव्हा मघा हसणाऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नाटक त्यापुढे अडखळले नाही.

खेळ संपल्यावर शेजारच्या वाडीचा चांगू पडद्याला हात लावून बघत होता. त्यांच्या मंडळाला हरिश्चंद्राचा खेळ करायचा होता. स्मशान हवे होते, आणि तेही असेच चढणीवरचे. महिपत मुकुट सोडवत हे ऐकत होता. नाथूकडे न बघताच तो म्हणाला, "गिरणीत तुझ्यासाठी कुनाला इचारत नाय आता."

धुळवडीनंतर मुंबईकर मंडळी दासगावची बोट धरायला निघाली. नाथूने महिपतची वळकटी पोलादपूरपर्यंत नेऊन गाडीत ठेवली, रामराम केला आणि तो घाट चढू लागला. पुरुषमाणूस मुंबईला गेलेल्या घरांत त्या दिवशी चूल उशिरा पेटली. साळूबाईने मात्र दोन माणसांचा भात वेळेवर वैरला होता.